संपाचा हक्क आहे, फक्त वापरायचा नाही

२० जून २०२४ रोजी कॅनडात एका कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. रेल्वे, विमानसेवा, बंदरं, बँका, टेलिफोन अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगांत संप किंवा टाळेबंदी चालू असताना मालकाने बाहेरून बदली माणसं आणून काम रेटायचं नाही, असं तो कायदा म्हणतो. कामगार संघटना ही मागणी कित्येक दशकं लावून धरून होत्या. हाउस ऑफ कॉमन्समध्ये विरोधात एकही मत पडलं नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानेही बाजूने मत दिलं. तिकडे पेढे वाटायची पद्धत असती तर त्या दिवशी युनियनच्या कार्यालयांतून नक्की वाटले गेले असते.

बरोबर नऊ आठवड्यांनी, २२ ऑगस्टच्या मध्यरात्री, सीएन आणि सीपीकेसी या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या रेल्वे कंपन्यांनी नऊ हजारांहून अधिक कामगारांना बाहेर काढून दारं लावली. ही टाळेबंदी होती, कंपन्यांनी स्वतः केलेली. दिवस मावळायच्या आत केंद्रीय कामगारमंत्री स्टीव्हन मॅकिनन यांनी जाहीर केलं की हा वाद सक्तीच्या लवादाकडे जाईल आणि गाड्या पुन्हा सुरू होतील. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. त्यासाठी त्यांनी आधार घेतला कॅनडा लेबर कोडच्या कलम १०७ चा.

या कलमाचा मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा आहे. औद्योगिक शांतता राखण्यासाठी मंत्र्याला जे योग्य वाटेल ते करता येईल, आणि त्यासाठी औद्योगिक संबंध मंडळाला हवा तो आदेश देता येईल, असा त्याचा मथितार्थ. मंडळाला आदेश देण्याचा अधिकार त्यात १९८४ साली आला आणि पुढची चाळीस वर्षं तो बहुतेक धूळ खात पडून होता. २०२४ मध्ये मात्र त्याची चटक लागली. ऑगस्टमध्ये रेल्वे झाली. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश कोलंबिया आणि माँट्रियलची बंदरं झाली, तिथेही टाळेबंदी मालकांचीच होती. डिसेंबरमध्ये कॅनडा पोस्टचे सुमारे ५५ हजार कर्मचारी संपावर असताना पुन्हा तेच. एका हाताने बदली कामगारांवर बंदी घालायची आणि दुसऱ्या हाताने संपच गुंडाळायचा. मग बदली कामगारांची गरज तरी कोणाला उरते?

माझं म्हणणं सरळ आहे. कलम १०७ मधला हा अधिकार रद्द व्हायला हवा. कामगार नेहमी बरोबर असतात असं मी मानत नाही. पण संप मोडण्याचा सोपा मार्ग मंत्र्याच्या हाताशी आहे हे एकदा मालकाला कळलं की तो वाटाघाटीला बसतो खरा, बोलत काही नाही. कॅनडाच्या औद्योगिक संबंधांची सगळी इमारत ज्या देवघेवीवर उभी आहे, त्यातला एकच भाग सरकार उचलून नेतंय.

ती देवघेव समजून घ्यायला विंडसर गावात जावं लागतं. डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या अलीकडे. १९४५ चा सप्टेंबर. महायुद्ध नुकतंच संपलेलं. फोर्ड कारखान्याच्या सुमारे अकरा हजार कामगारांनी काम थांबवलं. मागणी अशी की युनियनची वर्गणी पगारातूनच कापली जावी, म्हणजे वर्गणीसाठी दरवेळी दारोदार फिरावं लागणार नाही आणि संघटना टिकेल. हिवाळा जवळ आला तसं कारखान्याच्या वीजघरात पोलीस घुसवायच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा ५ नोव्हेंबरला कामगारांनी आपल्या मोटारी आणून रस्त्यांवर उभ्या केल्या. वाटेतल्या बससुद्धा त्यात अडकल्या. कारखान्याभोवती शेकडो गाड्यांचा असा गुंता झाला की पोलिसांना आत शिरायला वाट उरली नाही. स्वतः बनवलेल्या गाड्यांनी त्यांनी मालकाचं दार अडवलं. संप ९९ दिवस चालला.

शेवटी वाद गेला सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती आयव्हन रँड यांच्याकडे. जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी दिलेला निवाडा आजही ‘रँड फॉर्म्युला’ म्हणून ओळखला जातो. सभासद व्हायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण कराराचा फायदा सगळ्यांना मिळतो म्हणून वर्गणी सगळ्यांच्याच पगारातून कापावी. फुकटात जेवून जायचं नाही. ही झाली युनियनच्या पदरात पडलेली बाजू. दुसरी बाजू लोक विसरतात. संपाआधी गुप्त मतदान घ्यायचं. कराराची मुदत चालू असताना अचानक संप करायचा नाही; केला तर कामगाराला दंड, त्याच्या ज्येष्ठतेला कात्री आणि युनियनची वर्गणी कपात काही महिने बंद. त्याच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, पीसी १००३ या आदेशाने सरकारने बहुमत असलेल्या युनियनशी बोलणी करणं मालकाला बंधनकारक केलं होतं. त्यातही हाच व्यवहार होता: मान्यता मिळेल, पण करार चालू असताना काम थांबणार नाही, तक्रार असेल तर ती लवादापुढे मांडायची.

थोडक्यात, कॅनडाच्या कामगाराने आपला सर्वांत धारदार हक्क वर्षातले बहुतेक दिवस म्यानात ठेवायचं कबूल केलं. बदल्यात एवढंच मागितलं की करार संपून नवा होताना, नोटीस, मध्यस्थी, मतदान हे सगळे सोपस्कार उरकल्यावर, ते शस्त्र उपसायची मुभा असेल. कलम १०७ नेमकं त्याच क्षणी येऊन हात धरतं. वर्षभराची बंधनं मात्र तशीच राहतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं काही ओळखीचं वाटेल. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याने गिरण्यांत एकच प्रतिनिधी संघटना मानली, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि संपावर नियमांचं जाळं टाकलं. पण ती संघटना कामगारांना खरोखर हवी आहे का, हे गुप्त मतदानाने तपासायची सोय त्यात नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा पगाराइतकाच राग त्या लादलेल्या मान्यतेवरही होता. कायद्याच्या पुस्तकात तो संप बेकायदेशीर होता. बेकायदेशीर ठरवल्याने तो थांबला नाही, फक्त तडजोडीला वाव राहिला नाही. गिरणगावाचं पुढे काय झालं ते सांगायला नको. कॅनडाची व्यवस्था या बाबतीत उजवी होती: तिथे युनियनची मान्यता खाली कामगारांच्या सह्यांतून किंवा मतांतून येते. म्हणूनच तिच्यावर वरून आलेला आदेश जास्त खुपतो.

आता संशोधनाकडे येतो, कारण औद्योगिक संबंध या विषयाचा अभ्यास कॅनडात जितका जुना आणि जितका सरकारला खेटून वाढला तितका फार थोड्या देशांत वाढला असेल. १९०० साली कामगार खातं स्थापन झालं आणि ‘लेबर गॅझेट’ निघू लागलं. त्याचा पहिला संपादक आणि खात्याचा पहिला उपमंत्री म्हणजे विल्यम लायन मॅकेन्झी किंग, पुढे हाच माणूस देशाचा सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिला. १९०७ चा औद्योगिक वाद चौकशी कायदा त्याच्याच डोक्यातून निघालेला: संप करायचाय ना, करा, पण आधी चौकशी मंडळ बसू दे, त्याचा अहवाल येऊ दे, तोवर थांबा. दोन्ही बाजूंचं डोकं थंड व्हावं हा हेतू. प्रत्यक्षात त्या थंड व्हायच्या काळात मालकाला माल साठवायला वेळ मिळायचा, ही युनियनची तक्रार तेव्हापासूनची. त्यानंतर अमेरिकेत कोलोराडोच्या खाणसंपात संपकऱ्यांवर गोळीबार झाल्यावर खाणमालक रॉकफेलरने सल्ल्यासाठी बोलावलं तेही याच किंग साहेबांना. कामगार प्रश्नातला तज्ज्ञ म्हणून माणूस केवढा मोठा होऊ शकतो याचा हा नमुना. कोणाच्या सोयीचा तज्ज्ञ, हा प्रश्न वेगळा.

पुढे विद्यापीठं आली. लावाल, मॅकगिल, टोरंटो, क्वीन्स. साठच्या दशकात संपांची लाट उसळली. १९६५ मध्ये टपाल कामगारांनी हक्क नसतानाही संप केला आणि त्यातूनच दोन वर्षांत केंद्र सरकारी नोकरांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क मिळाला. सरकारने मॅकगिलच्या एच. डी. वुड्स यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला. चार प्राध्यापक, त्यातले एक कॅथलिक पाद्री. सरकारची अपेक्षा बहुधा अशी असावी की हे विद्वान संपांवर काही औषध सुचवतील. १९६८ च्या अहवालात त्यांनी सांगितलं ते उलटंच होतं: कामगार आणि मालक यांच्यातला संघर्ष हा या व्यवस्थेचा बिघाड नाही, तो तिच्या स्वभावात आहे, सामूहिक वाटाघाटी म्हणजे तो संघर्ष संघर्षातूनच, किंवा त्याच्या नुसत्या धाकातून, सोडवण्याची पद्धत. एवढं स्पष्ट बोलणाऱ्या सरकारी समित्या थोड्याच.

हा धाक नाहीसा केला की काय होतं? कॅनडात प्रत्येक प्रांताचा कामगार कायदा वेगळा, आणि सत्ता बदलली की तो बदलतो. त्यामुळे अभ्यासकांना इथे आयतीच प्रयोगशाळा मिळते. एका प्रांतात संपाला बंदी, शेजारी मुभा. काल सह्यांवर मान्यता, आज मतदान सक्तीचं. बॉब हेब्डन आणि रॉबर्ट स्टर्न यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला ओंटारिओच्या सार्वजनिक क्षेत्राचा अभ्यास मला यात सर्वांत बोलका वाटतो. जिथे संपावर बंदी होती तिथे तक्रारी लवादापर्यंत नेण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे असंतोष जिरला नाही, त्याने दुसरी वाट काढली. पाळीवरून भांडण, सुट्टीवरून भांडण, साहेबाच्या एका मेमोवरून सहा महिने कागदपत्रं. नळ बंद केला म्हणून पाणी आटत नाही, भिंतीतून झिरपायला लागतं.

दुसरा धोका तिथल्या अभ्यासकांनी फार पूर्वी हेरला होता. शेवटी लवादच निकाल देणार असेल तर दोन्ही बाजू खरा आकडा टेबलावर ठेवतच नाहीत, कारण लवाद मध्यावर येईल या हिशेबाने प्रत्येक जण आपलं टोक धरून बसतो. आणि एकदा ही सवय लागली की पुढच्या खेपेलाही तेच. आपल्याकडे कोर्टाबाहेर तडजोड का होत नाही असं वकिलाला विचारलं की तो जे कारण सांगतो, तेच हे.

आणि लिओ पॅनिच आणि डोनाल्ड स्वार्ट्झ या दोघांनी १९८० च्या दशकातच एका प्रवृत्तीवर बोट ठेवलं होतं. कॅनडाची सरकारं संपाचा हक्क कधी काढून घेत नाहीत. ती फक्त ‘या वेळेपुरता अपवाद’ करतात. आणि असे अपवाद इतके होतात की अपवाद हाच कायम नियम होऊन बसतो. १९५० च्या रेल्वे संपात केंद्राने कामावर परत पाठवणारा पहिला कायदा केला, तेव्हापासून ही यादी वाढतेच आहे.

संशोधन फक्त युनियनच्या बाजूने बोलतं असंही कोणी समजू नये. क्रॅम्टन, गंडरसन आणि ट्रेसी यांनी १९९९ मध्ये खाजगी क्षेत्रातल्या मोठ्या करारांचा अभ्यास मांडला. बदली कामगारांवर बंदी असलेल्या ठिकाणी संप कमी व्हायला हवेत असा युनियनचा दावा होता. निष्कर्ष निघाला की तिथे संप जास्त वेळा झाले आणि लांबलेही, आणि पगारही जास्त मिळाले. हा निष्कर्ष युनियनच्या पत्रकांत सहसा दिसत नाही. तो मला पटण्यासारखा वाटतो: ज्याच्या हातात जोर आहे तो तो वापरून पाहणारच. पण म्हणूनच जून २०२४ चा कायदा करताना सरकारला ठाऊक असायला हवं होतं की संप वाढू शकतात. तो धोका पत्करून हक्क द्यायचा आणि पहिला संप दिसताच घाबरायचं, यात धोरण कुठे आहे?

समोरच्या बाजूचा मुद्दा हलका नाही. नाताळच्या तोंडावर टपाल बंद झालं की घरातून छोटा धंदा करणाऱ्या बाईचा हंगाम जातो. उत्तरेकडच्या वस्त्यांत टपाल हाच जगाशी दुवा असतो. प्रेअरी म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतल्या शेतकऱ्याचं धान्य रेल्वेनेच बंदरात जातं. हे लोक भांडणात कुठेच नसतात आणि मार त्यांनाच बसतो. पण याची सोय कायद्यात आधीच आहे. जनतेच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा धोका असेल तर संप चालू असतानाही कोणत्या सेवा चालू ठेवायच्या हे औद्योगिक संबंध मंडळ ठरवतं. रेल्वेच्या प्रकरणात हाच प्रश्न मंडळापुढे गेला होता, आणि ९ ऑगस्ट २०२४ ला मंडळाने सांगितलं की अशा कोणत्याही सेवा चालू ठेवायची गरज नाही. दोन आठवड्यांच्या आत मंत्र्याने त्याच मंडळाला आदेश देऊन सगळीच रेल्वे चालू करायला लावली. तज्ज्ञांचं मत हवं तेव्हा घ्यायचं आणि नको तेव्हा बाजूला सारायचं, एवढाच याचा अर्थ.

सुप्रीम कोर्टानेही ही जागा मोकळी ठेवलेली नाही. १९८७ मध्ये कोर्ट म्हणालं होतं की संप हा घटनेने दिलेला हक्क नाही. २०१५ मध्ये सास्कॅचेवानच्या प्रकरणात कोर्टाने आपलंच मत फिरवलं आणि संपाच्या हक्काला घटनेचं संरक्षण दिलं. अत्यावश्यक सेवांसाठी बंधनं चालतील, पण कोण अत्यावश्यक हे सरकारने एकतर्फी ठरवायचं नाही आणि बदल्यात निःपक्ष पर्याय द्यायचा. कलम १०७ चा असा वापर या कसोटीला उतरतो असं मला वाटत नाही, आणि युनियन त्याविरुद्ध कोर्टात गेल्याच आहेत.

यातला सगळा ताण एअर कॅनडाच्या प्रकरणात उघडा पडला. विमानात चढताना दारात हसून स्वागत करणारी, आपली फुगलेली बॅग वरच्या कप्प्यात कोंबायला मदत करणारी, आजींना खुर्ची शोधून देणारी, पट्टे तपासणारी, उशीर झाला की चिडलेल्या माणसाचं ऐकून घेणारी हवाई परिचारिका. या सगळ्या वेळाचा पगार तिला मिळत नव्हता. पगाराचं घड्याळ विमान हललं की सुरू व्हायचं. दारं उघडी आहेत तोवर ती कामावर असते, अंगावर गणवेश असतो, प्रवाशांची जबाबदारी असते. फक्त हिशेबात ती नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजारांहून अधिक फ्लाइट अटेंडंट मुख्यतः याच मुद्द्यावर संपावर गेले. कंपनीने आधीच सरकारकडे लवादाची मागणी करून ठेवली होती. १६ ऑगस्टच्या पहाटे संप सुरू झाला आणि बारा तासांच्या आत नव्या कामगारमंत्री पॅटी हायडू यांनी कलम १०७ लावलं. कंपनीचे प्रमुख नंतर मुलाखतीत म्हणाले की हे कलम लागू होईल असंच आम्ही धरून चाललो होतो. इतका प्रामाणिक कबुलीजबाब विरोधकांनाही मिळवता आला नसता.

धरून न चाललेली गोष्ट पुढे घडली. त्यांची युनियन, क्यूपी, हिने कामावर परतायला नकार दिला. राष्ट्रीय अध्यक्ष मार्क हॅनकॉक यांनी आदेशाचा कागद सगळ्यांसमोर फाडला आणि तुरुंगात जायची तयारी असल्याचं सांगितलं. ही नुसती वल्गना नव्हती. टपाल युनियनचे ज्याँ-क्लोद पारो १९७८ च्या संपात आदेश मोडल्याबद्दल खरोखरच तुरुंगात गेले होते. त्याच टपाल युनियनने १९८१ मध्ये ४२ दिवस संप करून पगारी बाळंतपणाची रजा मिळवली, जी पुढे इतर ठिकाणच्या बायकांच्याही वाट्याला आली. त्या वेळीही लोकांची गैरसोय झाली होती. तिचा हिशेब मांडणारे रजेचा हिशेब मांडत नाहीत.

हक्काची गळचेपी केंद्रापुरती थांबलेली नाही हे जास्त चिंतेचं आहे. क्वेबेकने २०२५ मध्ये आपल्या कामगारमंत्र्यालाही असेच अधिकार देणारा कायदा केला, आणि हा तोच प्रांत ज्याने १९७७ मध्ये बदली कामगारांवर सगळ्यांत आधी बंदी घातली होती. ऑक्टोबरमध्ये अल्बर्टाने ५१ हजार शिक्षकांचा संप मोडताना घटनेतल्या हक्कांना बगल देणारं कलमच वापरलं, म्हणजे कोर्टात जायची वाटही जवळपास बंद. ओंटारिओत डग फोर्ड सरकारने २०२२ मध्ये शाळांतल्या कर्मचाऱ्यांवर हाच डाव टाकला होता आणि खाजगी क्षेत्रातल्या युनियनसुद्धा रस्त्यावर येणार हे दिसल्यावर कायदा मागे घेतला. भारतातही नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. आता प्रत्येक उद्योगात संपाआधी १४ दिवसांची नोटीस आणि समेट चालू असताना संपाला बंदी. त्यामुळे कॅनडात काय घडतंय याकडे आपल्या युनियनवाल्यांनी लक्ष ठेवलेलं बरं.

काही जण म्हणतात, मग संप कधीच थांबवायचे नाहीत का? थांबवावेत, पण संसदेत उभं राहून, कायदा मांडून, नावानिशी मत देऊन. २०११ मध्ये टपाल कामगारांना परत पाठवणाऱ्या विधेयकावर एनडीपी या डावीकडे झुकलेल्या विरोधी पक्षाने ५८ तास सभागृह चालतं ठेवलं होतं. विधेयक शेवटी मंजूर झालंच, पण कोण कुठे उभं होतं हे नोंदलं गेलं आणि पुढे कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. मंत्र्याच्या पत्राला अशी कसोटी नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला सुट्टी होती, खासदार आपापल्या मतदारसंघात होते. त्यांना ओटावाला बोलावून विधेयक आणायला दोन-चार दिवस लागले असते, आणि तेवढा वेळ देशाला परवडणारा नव्हता, असं सरकारच्या बाजूने सांगितलं जातं. आदेश झुगारल्यावर कंपनी पुन्हा बोलायला बसली, आणि १९ ऑगस्टच्या पहाटे, संप सुरू झाल्यापासून चौथ्या दिवशी, प्राथमिक करार झाला. जमिनीवरच्या कामाला निम्म्या दरापासून पगार त्यात आला.